सोपानची सरळ मान

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. गाव आमचंच, पण नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या पारावरून जाताना मला खाली मान घालून जावं लागेल, आणि माना खाली घालण्यानं काय होतं तेच तर सांगायला बसले आहे.

गिरणीवाल्याचं नाव सोपान. लग्नाचं वय होऊन गेलेलं आणि लग्न अजून व्हायचं. घरात तो आणि त्याची आई, द्वारकामावशी. त्यांच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. मी काही दुसऱ्याच्या घराला कान लावणारी बाई नाही. पण भिंत पातळ आहे आणि मावशीचा आवाज मोठा आहे, त्याला मी काय करणार.

सोपानमध्ये खोड म्हणाल तर एकच होती. सांगितलेलं ऐकायचा. एकदा "बरं" म्हणाला, की त्या शब्दाच्या अलीकडे नाही आणि पलीकडे नाही.

त्या वेळी आमच्या गावात सगळ्यांनाच फोनचं खूळ लागलेलं. पारावरचे म्हातारे फोन बघायचे, भाजी निवडताना बायका फोन बघायच्या, सरपंच सभेत फोन बघायचे आणि सभा सरपंचांकडे न बघता आपापले फोन बघायची. कुणाचं तोंड म्हणून दिसायचं नाही. आम्ही एकमेकांना टाळूवरून ओळखायचो. टक्कल म्हणजे सरपंच. वाकडा भांग म्हणजे ग्रामसेवक. गजरा म्हणजे मास्तरीणबाई. सगळ्यांच्या माना दुखायच्या. देवळात गेलं तर उदबत्तीच्या आधी बामाचा वास यायचा.

सोपानही त्यातलाच. गिरणी घरघरत राहायची आणि हा पोत्यावर बसून फोन बघायचा. काय बघायचा, तर लग्नं. कुणाचीही. बघून बघून त्याची मान पिकलेल्या कणसासारखी लवली, ती लवलीच.

एकदा त्याला बघायला पाहुणे आले. त्यांनी चहा घेतला आणि हळू आवाजात मावशीला विचारलं, घरात कुणी गेलंय का. मावशी म्हणाली, नाही. मग मुलगा असा मान टाकून का बसलाय? मावशीने खरं ते सांगितलं. पाहुण्यांनी कप खाली ठेवले आणि गेले, ते परत काही आले नाहीत.

त्यानंतर वर्षभर स्थळ नव्हतं. मग चैत्रात वाघळीचं एक सांगून आलं. मुलगी वैजयंता, गावात शिवणाचा क्लास चालवते, स्वभावानं मोकळी. मावशी हरखली. हे स्थळ गेलं तर दुसरं येणार नाही, हे तिला कळत होतं. ते सगळ्या आळीलाच कळत होतं.

"सोप्या," मावशी म्हणाली, "तालुक्याला जा आणि मान सरळ करून ये. नाहीतर बस जन्मभर दुसऱ्यांची लग्नं बघत."

सोपान म्हणाला, "बरं."

तालुक्याला मानेच्या डॉक्टरबाई होत्या. दवाखान्यात ही गर्दी. सगळे मान दुखते म्हणून आलेले आणि नंबर येईपर्यंत मान खाली घालून फोन बघत बसलेले. डॉक्टरबाईही फोनच बघत होत्या. त्यांनी वर न बघताच सोपानला तपासलं आणि वर न बघताच सांगितलं, "मान खाली घालायची नाही. फोन डोळ्यांसमोर धरायचा. पुढचा पेशंट."

सोपान म्हणाला, "बरं."

झालं. दवाखान्यातून निघाला तो हनुवटी वर आणि फोन डोळ्यांसमोर. फोन बंद होता. पण चालू असताना धरायचा की बंद असताना, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं. आरशात बघत चाललेल्या नवरीसारखा तो एसटीतून उतरला, वेशीतून आत आला आणि थेट आमच्या अंगणात शिरला. अंगणात मी कुरडया घातलेल्या. पहाटेपासून चीक शिजवून दोन खाटा भरून घातल्या होत्या, आणि खाटांवर मावल्या नाहीत त्या खाली लुगड्यावर. सोपान लुगड्यावरून गेला. एका टोकाने चढला आणि दुसऱ्या टोकाने उतरला.

मी म्हटलं, बाबा, खाली बघून चालावं. तो म्हणाला, "काकू, खाली बघायचं नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलंय."

माझ्या कुरडयांवर त्याच्या चपलेची नक्षी उठली होती. पण त्याच्या लग्नाचा प्रश्न होता, म्हणून मी राग गिळला आणि शहाणपणाचं सांगितलं, "बघायचं नसेल तर निदान पुढं काय आहे ते आधी पायानं चाचपावं, मग पाऊल टाकावं."

सोपान म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी तो देवळात गेला. देवळाच्या ओसरीवर अण्णा पाटील झोपले होते. अण्णा म्हणजे गावातले वडीलधारे, लग्नाच्या बैठकीला ज्यांच्याशिवाय कुणी बसत नाही असे. सोपान ओसरीवर चढला. पुढं काहीतरी आहे असं त्याला वाटलं. त्याने पायाने चाचपलं. आधी अण्णांचं पोट चाचपलं, मग छाती, मग नाक. नाकाशी आल्यावर त्याला समजेना की हे काय असावं, म्हणून त्याने अंगठ्याने पुन्हा एकदा नीट चाचपलं.

अण्णा उठले. त्यांनी आधी स्वतःचं नाक जागेवर आहे का ते बघितलं आणि मग सोपानकडे.

"आरं, मानसाला पाय लावतोस व्हय?" अण्णा म्हणाले. "आधी हाक मारावी. ओ आली तर मानूस समजावं. न्हाई आली तर मग चीजवस्तू."

सोपान म्हणाला, "बरं."

आणि गिरणीवर गेला. गिरणीत त्याच्याकडे दोन यंत्रं. एक धान्याचं आणि एक मिरची कांडायचं. दळणाचे डबे ओळीने मांडलेले असतात, ज्याचा त्याचा. आता मान खाली घालून डब्यात काय आहे ते बघायची सोय राहिली नव्हती. पायाने चाचपायची मनाई झाली होती. उरली हाक. सोपान डब्यांच्या ओळीपुढे उभा राहिला, फोन डोळ्यांसमोर धरला आणि हाक मारली, "गहू कोण आहे?"

डब्यांपैकी कुणी ओ दिली नाही.

त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा सगळे गप्प. म्हणजे हे माणूस नव्हे, चीजवस्तू, एवढं त्याच्या लक्षात आलं, आणि हाताला आला तो डबा त्याने धान्याच्या यंत्रात रिकामा केला. तो लवंगी मिरचीचा होता. त्यामागून आळीतल्या सगळ्यांचे गहू घातले.

त्या संध्याकाळी आळीत प्रत्येक घरात चपाती खाताना माणसं रडली. भांडणं झालेल्या जावा एकमेकींसमोर बसून रडल्या. सरपंचांकडे त्यांचे जावई पहिल्यांदाच जेवायला होते. तेही रडले. सासूबाईंना वाटलं, पोराला आईची आठवण झाली. त्यांनी मायेने आणखी दोन वाढल्या.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. वाघळीला जायचा दिवस चार दिवसांवर आला होता आणि अजून ही तऱ्हा. ती म्हणाली, "तुला डोळ्यांनी बघायचं नाही ना, तर नाकानं बघ. हातात येईल त्याचा आधी वास घे आणि काय आहे ते समजून घे."

सोपान म्हणाला, "बरं."

ठरल्या दिवशी आम्ही वाघळीला गेलो. सोपान, मावशी, अण्णा आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण मावशीला आधार नको का. जाताना मावशीने सोपानकडून फोन काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला. फोन गेला तरी त्याचा हात मात्र तोंडासमोर तसाच राहिला. अण्णांनी तो ओढून खाली केला आणि वाघळी येईपर्यंत धरून ठेवला.

वैजयंताचे वडील दारात उभेच होते. या, या म्हणत त्यांनी हात पुढे केला. सोपानच्या हातात तो आला. हातात आलं म्हणून सोपानने तो नाकाशी नेला, नीट वास घेतला आणि म्हणाला, "तंबाखू."

वैजयंताच्या वडिलांनी तंबाखू सोडली होती. देवीपुढे, बायकोच्या देखत, नारळ ठेवून सोडली होती. त्यांची बायको दाराच्या आत उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने आढ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं आता, उठा. तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी मोठ्याने हसलं. ती वैजयंता.

बसलो. बैठकीत वैजयंताचे मामाही होते. त्यांची ओळख करून देताना त्यांनी हात वर केला, डोकं नाही. ते फोन बघत होते. ते गेल्या दसऱ्यापासून फोनच बघताहेत, असं वैजयंताच्या आईने कौतुकाने सांगितलं.

वैजयंता चहा घेऊन आली. बुटकीशी, हसऱ्या तोंडाची, गळ्यात शिलाईची टेप तशीच लोंबत होती. आमच्याकडची रीत अशी, की मुलगी खाली बघते आणि मुलगा बघून न बघितल्यासारखं करतो. पण सोपानला खाली बघायची बंदी. त्याने सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं आणि बघतच राहिला. तिने ट्रे ठेवला आणि तीही बघायला लागली. मामांचं लक्ष नव्हतंच.

"फोनवर काय बघता तुम्ही?" तिने विचारलं.

"लग्नं."

"कुणाची?"

"कुणाचीही. ओळखीचीच पाहिजेत असं नाही."

"शेवटपर्यंत बघता?"

"वरात निघेपर्यंत," सोपान म्हणाला. "मग नवरीची आई रडते. मग मलाही रडू येतं. मग मी दुसरं लावतो."

चहाचे कप आत नेऊन द्यावेत म्हणून मी सहज स्वयंपाकघराकडे गेले. वैजयंता आईला सांगत होती, की आजवर जे आले त्यांतल्या एकानेही मान वर केली नाही. एकाने तर तिला नाव विचारायच्या आधी वायफाय विचारलं. हा पहिलाच, ज्याने तोंड बघितलं. आई म्हणाली, पण त्याने बाबांचा हात हुंगला. वैजयंता म्हणाली, "मग? खोटं सांगितलं का?" आईने माझ्या हातातले कप घेतले आणि विसळायला लागली.

होकार आला. मावशीने देवाला साखर ठेवली. सुपारी फोडायची तारीख धरली.

आता सुपारी म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यात आहे. मुलीच्या दारात दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसतात. मधे पाट, पाटावर सुपारी. मुलीचा मामा मुलाला सगळ्यांसमोर विचारतो, मुलगी पसंत आहे का. मुलाने तोंडाने बोलायचं नसतं, ते उतावळेपणाचं दिसतं. नुसती मान हलवायची. मान होकारात हलली की जाणता माणूस वरवंटा मारतो आणि सुपारी फोडतो. सुपारी फुटली की लग्न ठरलं. न फुटली तर उठायचं आणि चपला घालायच्या.

आणि नेमकी त्याच वेळी सोपानची मान हलेना.

इतके दिवस वर नाही, खाली नाही, इकडे नाही, तिकडे नाही. मुसळासारखी ताठ झाली. कुणी मागून हाक मारली तर सबंध सोपान वळायचा. मावशीने त्याला परत तालुक्याला धाडलं. डॉक्टरबाईंनी वर न बघताच डोक्याला हात लावला. म्हणाल्या, मान हलवायचीच नाही असं कुठं सांगितलं होतं. फोनवर गजर लावा. गजर वाजला की व्यायाम करायचा. आधी डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली. अगदी सावकाश. हातातलं काम टाकून करायचा, कुणी काहीही म्हणो, चुकवायचा नाही.

सोपानने विचारलं, "पण खाली घालायची नाही म्हणाला होतात."

"गजर वाजल्यावर चालते."

"आणि गजर वाजला नसताना?"

"तेव्हा नाही. पुढचा पेशंट."

सोपान म्हणाला, "बरं." आणि गजराला सनईची धून लावली. लग्नातली.

सुपारीच्या दिवशी निघताना मावशीने त्याला दारात उभं केलं. तंबाखूची आठवण तिला होतीच. म्हणाली, "तिथं तोंड उघडायचं नाही. काही झालं तरी अक्षर काढायचं नाही. नुसती मान हलव."

सोपानने "बरं" म्हटलं आणि तोंड जे मिटलं, ते मिटलंच.

वैजयंताच्या दारात सतरंजी पडली. दोन्हीकडची माणसं बसली. अण्णा पाटापाशी वरवंटा उचलून तयार. मामा सोपानच्या समोर, फोन मांडीवर, नजर फोनवर. सोपानचा फोन मावशीच्या पिशवीत. वैजयंता दाराच्या चौकटीला टेकून उभी. मामांनी वर न बघताच विचारलं, "काय जावईबापू, मुलगी पसंत आहे ना?"

सोपानला पसंत होती. इतकी पसंत होती की कान लाल झाले होते. पण तोंड उघडायचं नव्हतं. आणि मान खाली घालायची तर गजर वाजला नव्हता. तो ताठ बसून राहिला.

अण्णांचा हात वर. मावशीने त्याला कोपराने ढोसलं. तो हलला नाही. मामांनी पुन्हा विचारलं, जरा घुश्शात. सतरंजीवर कुजबुज सुरू झाली. अण्णांनी वरवंटा या हातातून त्या हातात घेतला.

तेवढ्यात पिशवीतून सनई वाजली.

सगळ्यांना बरं वाटलं. शुभशकुन झाला म्हणाले. मामांनी लगेच तिसऱ्यांदा विचारलं, "सांगा, मुलगी पसंत आहे?"

सोपानने मान डावीकडे नेली. मग उजवीकडे. मग परत डावीकडे. डॉक्टरबाईंनी सावकाश सांगितलं होतं. इतका सावकाश, इतका ठाम नकार मी जन्मात बघितला नव्हता.

वैजयंताच्या वडिलांचं तोंड उतरलं. मामांनी फोनवरून नजर काढली नाही, पण आवाज चढवला. "म्हणजे भरल्या बैठकीत आमच्या पोरीला नको म्हणता? मग मोडली म्हणायची का ही सोयरीक?"

सोपानचा डावीकडे-उजवीकडेचा व्यायाम संपला होता. आता वर-खाली. त्याने मान वर नेली, आभाळापर्यंत. मग खाली आणली, छातीपर्यंत. परत वर. परत खाली.

माणसं उठली. चपला शोधायला लागली. अण्णांनी वरवंटा पाटावर ठेवून दिला, सुपारीच्या बाजूला. मावशीने पदर तोंडाला लावला. ती मोठ्या आवाजाची बाई, पण तेव्हा तिचा आवाज आला नाही. आणि सोपान बसला होता, व्यायाम झाल्यामुळे जरा मोकळं वाटून, सगळे कुठं निघाले असतील याचा विचार करत.

"मामा, बसा," वैजयंता म्हणाली. ती चौकट सोडून सतरंजीवर आली होती. "सगळे बसा. चहा टाकलाय, तो वाया जाईल."

तिने सोपानला विचारलं, बोलत का नाही. सोपानने बोटाने आईकडे दाखवलं. मावशीला हुंदक्यामुळे बोलता येईना, म्हणून मी सगळं सांगितलं. डॉक्टरबाई, गजर, आधी डावं-उजवं, मग वर-खाली. कुरडयाही सांगितल्या, ओघात आल्या म्हणून.

वैजयंताने ऐकून घेतलं. शिवणकाम करणारी बाई ती. कापड कसं आहे ते बघून कापते, कापडाशी भांडत नाही. तिने मावशीच्या पिशवीतून फोन काढला आणि गजराचं बटण दाबलं. सनई वाजली.

सोपानने मान डावीकडे न्यायला घेतली.

"माझ्याशिवाय दुसरी कुणी मनात आहे?" वैजयंताने विचारलं.

डावीकडे. उजवीकडे.

"तुम्हाला इथं कुणी जबरदस्तीनं आणलंय?"

डावीकडे. उजवीकडे.

ती थांबली. त्याची मान मधे आली, वर जायला निघाली, तेव्हा तिने हळूच विचारलं, "मग मी पसंत आहे?"

मान वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. आणि मला वाटतं शेवटची एक व्यायामातली नव्हती. ती जास्तीची होती.

अण्णांनी वरवंटा हाणला. सुपारी फुटून एक तुकडा मामांच्या फोनवर पडला. मामांनी तो बोटाने बाजूला सारला आणि पुढं बघायला लागले.

निघताना वैजयंताने सोपानला बाजूला घेतलं. मी तिथेच चप्पल घालत होते. ती म्हणाली, की ती उंचीने बेताची, तो ताडमाड. लग्नात हार घालताना त्याने मान ताठ ठेवली तर तिला शिडी लागेल. "तेव्हा हार घालून होईपर्यंत डॉक्टरबाईंचं राहू दे," ती म्हणाली. "मी 'खाली' म्हटलं की मान खाली घालायची. मी 'वर' म्हटलं की वर करायची. मधे काही करायचं नाही."

सोपान म्हणाला, "बरं."

वैशाखात लग्न लागलं. वाघळीच्या शाळेपुढे मांडव, बँड, माणसांची ही गर्दी. पण मांडवात मागून बघाल तर नुसत्या वाकलेल्या माना. जो तो फोटो काढत होता, काढलेला बघत होता, बघितलेला पुढं पाठवत होता. भटजी मंगलाष्टका फोनवर बघून म्हणत होते. मधेच त्यांना कुणाचा तरी फोन आला, तर नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना तशीच उभी राहिली आणि भटजी कुणाला तरी वास्तुशांतीची तारीख देत होते.

शेवटी "सावधान" झालं. अंतरपाट निघाला. अक्षता पडल्या. बँड सुरू झाला.

वैजयंता म्हणाली, "खाली."

सोपानने मान खाली घातली. तिने चवड्यांवर उभं राहून हार घातला. अगदी शोभेल असा. आता त्याने तिला घालायचा. ती "वर" म्हणणार, इतक्यात तिचे मामा फोन धरून दोघांच्या मधे शिरले. भाचीचा हार घालतानाचा फोटो त्यांना जवळून पाहिजे होता. "जरा सरक," म्हणून त्यांनी खांद्याने तिला मागे सारलं आणि स्वतः सोपानसमोर उभे राहिले. डोळे फोनमध्ये, मान खाली.

वैजयंता "वर" म्हणाली. बँड जोरात होता.

सोपानला खालून फक्त पाय दिसत होते. समोर पाय आहेत म्हणजे वर गळा असणार. त्या पायांत पुरुषाचे कोल्हापुरी जोडे होते, पण पायांवरून माणूस ओळखायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने हार उचलला आणि घातला. आणि हार घालून घ्यायला मान जशी खाली लागते, तशीच मामांची होती. दसऱ्यापासून होती. हार सुळकन गळ्यात गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फटाके लावले. मामांना काही कळलं नाही. त्यांची मान कधीच बधिर झाली होती. आणि बाकी कुणाला कळावं, तर सगळे फोन बघत होते. मीही त्या वेळी ते माझ्या फोनमध्ये घेत होते, म्हणून मला घरी आल्यावर दिसलं.

मामांनी फोन डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. मग म्हणाले, "अहो, नवरीचा हार कुठं गेला? फोटोत दिसत नाही."

झालं, एकच गडबड उडाली. नवरीचा हार पडला म्हणजे अपशकुन, शोधा, शोधा. सगळा मांडव मान खाली घालून हार शोधायला लागला. सतरंज्या उचलल्या. पाट उचलले. अण्णांनी काठीने अक्षता उकरून बघितल्या. वैजयंताच्या वडिलांनी बँडवाल्यांना उभं करून त्यांच्या ढोलाखाली बघितलं. वैजयंता एकटी शेल्यात तोंड खुपसून खाली बसली होती. लोकांना वाटलं, रडते आहे. मावशीने जवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मावशीला कळलं की ती हसते आहे. हसता हसताच तिने कसंबसं म्हटलं, "वर."

आता बँड थांबला होता. सोपानने मान वर केली.

साऱ्या मांडवात तेवढी एकच मान सरळ. त्याला समोरच मामांच्या गळ्यात हार दिसत होता. पण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

मग मामांनी विचारलं. गळ्यातला हार एका हाताने आवरत, फोनवर नजर ठेवून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही तरी बघितलात का हार?"

सोपान सांगणारच होता. तेवढ्यात त्याच्या कोटाच्या खिशात सनई वाजली.

त्याने सावकाश मान डावीकडे नेली. मग उजवीकडे.

मामांनी सुस्कारा सोडला आणि पाटाखाली बघायला वाकले. इतके वाकले, इतके वाकले, की हार आपोआप गळ्यातून घसरला आणि त्यांच्याच पायांशी पडला.

"सापडला," मामा म्हणाले. "इथंच तर होता."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. वैजयंताने डोळे पुसले, हार मामांच्या हातून घेतला आणि स्वतःच गळ्यात घालून टाकला, आणखी कुणाची वाट न बघता. मामा धूळ झटकत उभे राहिले. त्यांनी सोपानच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला चार शहाणपणाचे शब्द ऐकवले.

"जावईबापू, एवढं ध्यानात ठेवा. माणसानं कायम मान खाली घालून असावं. हरवलेलं सगळं सापडतं."

सोपान म्हणाला, "बरं."